सरकारी की खाजगी : लसीला न आलेल्या बाळाची यादी कोणाकडे असते?

रानजाई :

मुलांना लस कुठे टोचून घ्यावी, सरकारी दवाखान्यात की खाजगीत, असा विषय निघाला की कुणीतरी एक आकडा पुढे करतं. "खाजगीत जाणाऱ्या मुलांचं लसीकरण जास्त पूर्ण असतं." लगेच दुसरं कुणी उलटा आकडा आणतं. दोन्ही आकडे खरे असू शकतात आणि तरीही त्यांतून दवाखान्याबद्दल काहीच कळत नाही. मी लसीकरणाच्या नोंदी तपासण्याचं काम करते. हा गोंधळ रोज बघते, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

कुठलीही टक्केवारी दोन संख्यांची असते. वर डोस मिळालेली मुलं, खाली डोस मिळायला हवा होता अशी सगळी मुलं. सरकारी केंद्राला बऱ्याच देशांत एक ठरावीक भाग नेमून दिलेला असतो. त्या भागात जन्मलेलं प्रत्येक बाळ त्या केंद्राच्या खालच्या संख्येत येतं, मग ते केंद्राची पायरी चढो अथवा न चढो. खाजगी डॉक्टरांच्या खालच्या संख्येत फक्त त्यांच्याकडे नाव घातलेली मुलं असतात. जे बाळ आलंच नाही ते त्यांच्या हिशेबात कधी नव्हतंच. अशा दोन टक्केवाऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या तर खाजगी वरचढ दिसणारच. त्यात डॉक्टरांचं कौशल्य किती आणि गणिताची मांडणी किती, हे वेगळं काढता येत नाही.

दुसरी गोष्ट, तिथे जातं कोण? खाजगीत जाणाऱ्या घरात बहुधा पैसा जरा बरा असतो, आई शिकलेली असते, कामावरून दोन तास सुटता येतं. अशा घरातलं मूल सरकारी केंद्रात गेलं असतं तरी त्याचे डोस पूर्ण झाले असते.

आता एक खरा आकडा. भारतातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १२ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी ९४.५ टक्के मुलांना बहुतेक लसी सरकारी ठिकाणी मिळाल्या होत्या, खाजगीत ४.२ टक्क्यांना. त्याच सर्वेक्षणात पूर्ण लसीकरण झालेली मुलं होती ७६.४ टक्के. एवढा मोठा वाटा सरकारी असताना ही ७६.४ टक्के कमाईसुद्धा मुख्यतः सरकारी यंत्रणेची आणि राहून गेलेल्या मुलांची जबाबदारीही मुख्यतः तिचीच. खाजगीची तुलना करायला हाती उरतो लहानसा गट, आणि तोही निवडक घरांचा.

मला स्वतःला महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे. दुसऱ्या डोसला मूल आलं नाही, तर ते आलं नाही हे कुणाला कळतं? आणि कळल्यावर कुणी हाक मारतं का? वेगवेगळ्या बाजूंनी अनुभव असलेल्यांनी लिहावं.


दोन_पाखरं :

फार चांगला धागा. आमची दोन मुलं. मोठ्याचे सगळे डोस खाजगीत झाले, धाकटीचे सरकारी केंद्रात. खाजगीत बसायला जागा, वेळ ठरवून जाता येणं, डॉक्टर शंकांना नीट उत्तरं देतात, हे सगळं मिळालं. केंद्रात ठरलेल्या वारीच जावं लागायचं आणि गर्दी असायची. पण धाकटीला ताप आला म्हणून एक डोस पुढे ढकलला, तेव्हा पुढच्याच आठवड्यात आरोग्यसेविका घरी आल्या. मोठ्याचा एक डोस लांबला होता तेव्हा कुणाचाही फोन आला नव्हता. मुलाची वही चाळताना आमच्याच लक्षात आलं.


स्थितप्रज्ञ :

मी बालरोगतज्ज्ञ आहे, खाजगी व्यवसाय करतो. रानजाई यांचा गणिताचा मुद्दा मान्य. पण चित्र एकांगी होऊ नये म्हणून काही गोष्टी मांडतो.

एक, आमच्यापैकी अनेकजण आठवणीचे निरोप पाठवतात. सगळे पाठवत नाहीत, हेही खरं. दोन, लसीबद्दल मनात भीती असलेल्या पालकाशी पंधरा-वीस मिनिटं बसून बोलणं मला शक्य होतं. रांगेत साठ बाळं असताना केंद्रातल्या परिचारिकेला ते कसं जमावं? त्या बोलण्यामुळे किती पालक तयार होतात याची नोंद कुठल्याच तक्त्यात येत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आमच्याकडे बहुतेक लसी एका डोसच्या कुपीत असतात. बाळ आलं, तपासलं, टोचलं. सरकारी पुरवठ्यात गोवराची किंवा बीसीजीची (क्षयरोगावरच्या लसीची) कुपी बऱ्याचदा दहा-वीस डोसची असते. ती एकदा द्रव मिसळून तयार केली की सहा तासांत किंवा सत्र संपताना, जे आधी होईल तेव्हा, टाकून द्यावी लागते. एकच बाळ आलं असेल तर कुपी फोडायची की "पुढच्या वेळी या" म्हणायचं? परत पाठवलेलं प्रत्येक बाळ पुन्हा येतंच असं नाही.


उंबरठा :

स्थितप्रज्ञ सर, कुपीचा मुद्दा शंभर टक्के खरा. मी बरीच वर्षं सरकारी केंद्रात लसीकरण केलं. नियम काय सांगतो? एका बाळासाठीसुद्धा कुपी उघडा, डोस वाया गेले तर जाऊ द्या. पण महिन्याच्या शेवटी वाया गेलेल्या डोसांचा हिशेब विचारला जातो, आणि परत पाठवलेल्या बाळांचा हिशेब कुणी विचारत नाही. मग सेविकेचा हात आखडतो. यात तिला दोष देऊ नका, विचारणाऱ्यांनी प्रश्न बदलावा.

आता न आलेल्या बाळांबद्दल. आमच्याकडे गरोदर बाईची नोंद होते तिथपासून यादी सुरू होते. बाळंतपण झालं की बाळाचं नाव चढतं. प्रत्येक सत्राआधी कुणाचा कुठला डोस आहे याची यादी काढायची, सत्र संपलं की कोण आलं नाही ते बघायचं आणि मग दारोदार. हे काम बाहेरून दिसत नाही. आई माहेरी गेली, घर बदललं, सासूने नको म्हटलं, बाळ आजारी, बापाचा विरोध, प्रत्येक घराचं कारण निराळं.

आणि आमची सगळ्यांत मोठी अडचण सांगू? दार वाजवलं की "आमचं खाजगीत झालंय" असं उत्तर येतं. बहुतेक वेळा खरंच झालेलं असतं. पण कार्ड मागितलं की "डॉक्टरांकडे आहे" किंवा "सापडत नाही". मी त्या घरापुढे काय लिहू? झालं म्हणून लिहिलं आणि झालेलं नसलं तर बाळ कायमचं यादीतून गेलं. नाही लिहिलं तर माझ्या भागाचा आकडा खाली. अशी घरं दरवर्षी वाढत आहेत.


प्रश्नचिन्ह :

सरकारी आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? काही ठिकाणी १०० टक्क्यांच्या वर लसीकरण दाखवलेलं मी स्वतः पाहिलं आहे. जितकी मुलं आहेत त्याहून जास्त मुलांना लस कशी मिळेल? ज्यांच्या हातात काम त्यांच्याच हातात मोजमाप, ही मूळ अडचण आहे. मी लसविरोधी नाही, माझ्या मुलांना सगळ्या लसी दिल्या आहेत. पण हा प्रश्न विचारायलाच हवा.


रानजाई :

प्रश्नचिन्ह, प्रश्न रास्त आहे. १०० च्या वरचा आकडा दिसला की लोकांना थेट खोटेपणाचा संशय येतो. कधी कधी तो असतोही. पण बहुतेक वेळा खालची संख्या चुकलेली असते. मुलांची संख्या जुन्या जनगणनेवरून अंदाजाने काढलेली असते आणि दरम्यान त्या भागात नवी वस्ती आलेली असते. शेजारच्या भागातली बाळं या केंद्रावर येतात तेव्हा ती वरच्या संख्येत मोजली जातात, खालच्या संख्येत मात्र ती शेजाऱ्यांकडेच राहतात. म्हणूनच केंद्रांच्या अहवालांबरोबर घरोघरी जाऊन केलेली सर्वेक्षणं लागतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ दरवर्षी देशांचे आकडे काढतात तेही अहवाल आणि सर्वेक्षणं दोन्ही पाहून.

सर्वेक्षणालाही मर्यादा आहेत. कार्ड असेल तर तारखा मिळतात, नसेल तर आईला आठवेल ते. मगाशी दिलेल्या ७६.४ टक्क्यांत कार्ड आणि आठवण दोन्ही धरले आहेत. फक्त कार्डावरून माहिती मिळालेली मुलं घेतली तर आकडा ८३.८ होतो. कार्ड जपलेलं घर हे मुळातच यंत्रणेशी बांधलेलं घर असतं, म्हणून तो वर जातो. ज्यांच्याकडे कार्ड नाही त्यांच्याकडे पाहायची गरज जास्त आहे.

मी दवाखाना जोखते तेव्हा एकूण टक्केवारीपेक्षा दोन गोष्टी बघते. पहिली, गळती. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरच्या त्रिगुणी लसीचा (किंवा ती ज्यात असते त्या पंचगुणी, म्हणजे पाच रोगांवरच्या, लसीचा) पहिला डोस घेतलेल्या १०० मुलांपैकी तिसऱ्या डोसपर्यंत किती पोहोचली? १० पेक्षा जास्त गळाली तर तिथे काहीतरी बिघडलं आहे असं समजतात. हा हिशेब सरकारी आणि खाजगी दोघांनाही सारख्याच न्यायाने लागू होतो, कारण इथे खालची संख्या म्हणजे एकदा दारात आलेलीच मुलं. दुसरी, वेळ. दोन वर्षांच्या मुलाचं सगळं "पूर्ण" दिसतं, पण गोवराचा डोस नवव्या महिन्याऐवजी अठराव्या महिन्यात मिळाला असेल तर मधले नऊ महिने ते उघड्यावर होतं. टक्केवारीत हे नऊ महिने दिसत नाहीत.

वेळेचं सर्वांत कडक उदाहरण म्हणजे कावीळ ब ची जन्मतः द्यायची लस. ती २४ तासांच्या आत द्यायची असते, कारण जन्माच्या वेळी आईकडून संसर्ग झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्क्यांमध्ये तो आयुष्यभर टिकतो. जगभर निम्म्याहून कमी बाळांना हा डोस वेळेत मिळतो. इथे सरकारी-खाजगी यापेक्षा प्रसूतिगृहात लस ठेवलेली आहे का आणि ती टोचण्याचा अधिकार रात्रपाळीच्या परिचारिकेला आहे का, यावर सगळं ठरतं. बालरोगतज्ज्ञ सकाळी येतील मग बघू, असं म्हटलं की २४ तास निघून जातात.


ध्रुवतारा :

मी शीतसाखळीच्या, म्हणजे लस शेवटपर्यंत थंड ठेवणाऱ्या, उपकरणांची देखभाल करतो, त्या बाजूने लिहितो.

लोकांना वाटतं लस गरम झाल्याने बिघडते. ते खरंच, पण गोठल्याने होणारा बिघाड जास्त फसवा असतो. पंचगुणी, कावीळ ब, धनुर्वात यांसारख्या लसी गोठल्या की त्यांची ताकद जाते आणि पुन्हा वितळल्यावर वरवर बघून काही कळत नाही. तापमान २ ते ८ अंश सेल्सियस राहायला हवं. कुपीवर छापलेल्या खुणेतल्या चौकोनाचा रंग (आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला की कुपी बाद) फक्त उष्णता दाखवतो, गोठणं दाखवत नाही. ही खूण १९९६ मध्ये पोलिओच्या तोंडी लसीवर सुरू झाली आणि जगभर वापरात आली.

सरकारी केंद्रांत लसीसाठी बनवलेले खास शीतक असतात, वीज गेली तरी तासन् तास थंड राहणारे, आणि तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहायचं असतं. वही भरली जाते, कधी न बघताच भरली जाते, हेही पाहिलं आहे. छोट्या खाजगी दवाखान्यांत घरगुती फ्रीज बऱ्याच ठिकाणी दिसतो. त्यात फ्रीझरच्या कप्प्याजवळ शून्याखाली आणि दारात दहाच्या वर, असा फरक पडतो. लस दारात ठेवू नये.

खाजगीला झोडपायचा माझा हेतू नाही. अमेरिकेत २०१२ च्या एका सरकारी तपासणीत मोफत लस योजनेतल्या ४५ दवाखान्यांची दोन आठवड्यांची तापमानं तपासली, तर ७६ टक्के ठिकाणी लसी एकूण पाच तास किंवा जास्त चुकीच्या तापमानात राहिल्या होत्या. श्रीमंत देश, उत्तम वीज, तरीही. पाटी कुठलीही असो, तापमानाची नोंद दाखवता का असं पालकाने विचारावं. विचारणारे पालक वाढले की वह्या खऱ्या भरल्या जातात.


चाफेकळी :

एक विचारू का? खाजगीत "कमी दुखणारी" लस मिळते, बाळाला ताप येत नाही म्हणतात. माझ्या बहिणीने त्यासाठीच केंद्र सोडलं. ती खरंच चांगली असते का? सरकारी लस हलकी असते असं तिच्या शेजारणीने सांगितलं होतं.


स्थितप्रज्ञ :

चाफेकळी, "हलकी" हा समज आधी काढून टाका. दोन्ही लसी मान्यताप्राप्त असतात, फरक आहे तो डांग्या खोकल्याच्या भागात. सरकारी कार्यक्रमांत बऱ्याच देशांत संपूर्ण जिवाणू मारून केलेली लस वापरतात. तिने ताप, सूज, चिडचिड जास्त होते. दुसऱ्या प्रकारात जिवाणूचे फक्त शुद्ध केलेले काही अंश असतात, त्रास कमी होतो. पण या दुसऱ्या लसीने मिळालेलं संरक्षण लवकर ओसरतं. कॅलिफोर्नियात २०१० मध्ये डांग्या खोकल्याची मोठी साथ आली, ९,००० च्या वर रुग्ण आणि १० तान्ही बाळं दगावली. तिथे तेव्हा वर्षानुवर्षं अंशांचीच लस वापरात होती, आणि शाळकरी मुलांमध्ये ओसरलेलं संरक्षण हे साथीचं एक कारण ठरलं. जे देश संपूर्ण जिवाणूची लस वापरतात त्यांनी ती चालू ठेवावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

मी स्वतः दोन्ही देतो आणि पालकांना हे सगळं सांगतो. एक दिवसाचा ताप हा लस काम करत असल्याचा भाग आहे हे नीट समजावलं की निम्मे पालक संपूर्ण जिवाणूची लस घेतात. बहिणीला सांगा, कुठलीही घ्या, पण वेळेवर आणि सगळे डोस घ्या. एका प्रकाराने सुरुवात केली आणि पुढे ती मिळाली नाही, तर दुसऱ्या प्रकाराने डोस पूर्ण करता येतात, नव्याने सुरुवात करावी लागत नाही.

साधी सर्दी किंवा थोडा ताप असला तरी लस देता येते, हेही इथेच सांगून ठेवतो. दोन्हीकडे या कारणावरून बाळं विनाकारण परत जातात.


अक्षरवेडा :

चर्चा वाचून एक जुना प्रसंग आठवला. अमेरिकेत १९८९ ते १९९१ या काळात गोवराची मोठी साथ आली. ५५,००० हून अधिक रुग्ण, शंभरावर मृत्यू, बळी मुख्यतः लहान मुलं. तपास केला तेव्हा कळलं की लस न मिळालेल्या अनेक मुलांना डॉक्टर भेटलेले होते. खाजगी डॉक्टर मूल तपासत आणि लसीचे पैसे परवडत नसतील तर "सरकारी दवाखान्यात जाऊन टोचून घ्या" असं सांगून पाठवत. ती मुलं तिथे पोहोचतच नसत. त्या दोन दारांमधल्या रस्त्यावर मुलं हरवली. त्यातून १९९४ मध्ये योजना आली : लस सरकार विकत घेणार आणि गरजू मुलांसाठी खाजगी डॉक्टरांनाच मोफत देणार. मूल जिथे आहे तिथेच लस.

दक्षिण कोरियाचं उदाहरण आणखी बोलकं आहे. तिथे बहुतेक मुलांना लस खाजगी दवाखान्यातच मिळते. पैसे सरकार भरतं (२०१४ पासून पालकांना राष्ट्रीय यादीतल्या लसींसाठी काहीच द्यावं लागत नाही), आणि प्रत्येक डोस एकाच राष्ट्रीय नोंदणीत जातो. लसीकरण ९५ टक्क्यांच्या वर. रवांडात उलट, जवळजवळ सगळा भार सार्वजनिक यंत्रणेवर आणि गावातल्या आरोग्य स्वयंसेवकांवर, आणि तिथेही लसीकरण ९५ टक्क्यांच्या वर. मग सरकारी चांगलं की खाजगी, हा प्रश्न या दोन देशांपुढे टिकत नाही. पालकाच्या खिशाला खार लागत नाही आणि बाळ यादीबाहेर जात नाही, एवढंच दोघांत समान दिसतं.

जर्मनीत लसी खाजगी बालरोगतज्ज्ञच देतात आणि विमा पैसे भरतो, पण सगळ्या मुलांची एक राष्ट्रीय नोंदणी नाही. कोणाचं काय राहिलं हे बऱ्याच अंशी शाळाप्रवेशाच्या वेळी लसवही तपासताना समोर येतं. शेवटी २०२० मध्ये बालवाडी आणि शाळेसाठी गोवराच्या लसीचा कायदा करावा लागला.


मुक्तछंद :

+१ अक्षरवेडा. इंग्लंडचंही सांगते. १९९८ मध्ये एका शोधनिबंधाने गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्रित लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला. तो निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला, पण मधल्या काळात भीती पसरली. सरकारी सेवा फक्त एकत्रित लस देत होती, तर काही खाजगी दवाखान्यांनी तीन वेगवेगळ्या लसी विकायला सुरुवात केली. ऐकायला हे मधला मार्ग वाटतं. प्रत्यक्षात सुया वाढल्या, डोसांत अंतर वाढलं, त्या अंतरात मूल असुरक्षित राहिलं, आणि "वेगळ्या लसी देतात म्हणजे एकत्रित लसीत काहीतरी असणार" हा संशय पक्का झाला. २००३-०४ मध्ये इंग्लंडमधल्या दोन वर्षांच्या मुलांचं लसीकरण ८० टक्क्यांवर आलं होतं. गोवर थोपवायला ९५ लागतात. २०१३ मध्ये वेल्समध्ये हजारावर रुग्णांची साथ आली, त्यात भीतीच्या वर्षांत लस चुकलेली मुलं मोठ्या संख्येने होती.

ग्राहकाला हवं ते देणं हे खाजगी सेवेचं बळ आहे. लसीच्या बाबतीत तेच कधी कधी घात करतं.


प्रश्नचिन्ह :

मुक्तछंद, मान्य. पण विश्वास दोन्हीकडून तुटतो. सामोआत २०१८ मध्ये सरकारी रुग्णालयात लसीच्या पुडीत पाण्याऐवजी चुकून स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं गेलं, दोन बाळं गेली. सरकारने गोवराची ती लस देणं अनेक महिने थांबवलं, लोकांचा विश्वास उडाला, गोवराचं लसीकरण ३१ टक्क्यांवर घसरलं. पुढच्याच वर्षी साथ आली : ५,७०० हून अधिक रुग्ण, ८३ मृत्यू, बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. आणि इंडोनेशियात २०१६ मध्ये बनावट लसींची टोळी सापडली, माल खाजगी रुग्णालयांत आणि दवाखान्यांत गेला होता. मुलांना पुन्हा लसी द्याव्या लागल्या.

दोन्ही घटना वाचल्यावर मी तरी एवढंच ठरवलं की कुपी डोळ्यांसमोर उघडायला सांगायची, नाव आणि मुदत वाचायची, आणि कार्डावर कुपीचा बॅच क्रमांक लिहून घ्यायचा.


उंबरठा :

जरूर सांगा, आम्हाला राग येत नाही. बॅच क्रमांक लिहिलेला असला की पुढे काही झालं तर शोध घेता येतो.

विश्वासाबद्दल माझंही एक. आया केंद्र सोडून जातात ते पुष्कळदा आमच्या बोलण्यामुळे. "मागच्या वेळी का नाही आलात?" असं सगळ्यांसमोर दरडावलं की ती बाई पुन्हा येत नाही. पैसे असतील तर खाजगीत जाते, नसतील तर घरी बसते. घरी बसणारीचं बाळ सगळ्यांत आधी सापडायला हवं, आणि तिलाच आपण लांब केलेलं असतं. जगात २०२४ मध्ये १ कोटी ४० लाखांवर बाळं अशी होती की त्यांना वर्षभरात वर सांगितलेल्या त्रिगुणी लसीचा एकही डोस मिळाला नाही. ती ना तुमच्या दवाखान्यात आहेत ना माझ्या.


रानजाई :

उंबरठा ताई, शेवटचं वाक्य मी माझ्या वरिष्ठांना वाचून दाखवणार आहे.

स्थितप्रज्ञ सर, एक थेट प्रश्न. तुमच्या दवाखान्यात दिलेले डोस तुमच्या भागातल्या सरकारी केंद्राला कळतात का?


स्थितप्रज्ञ :

नाही. कळवायला हवेत हे पटतं, पण अडचणीही ऐका. नमुना अर्ज लांबलचक असतो, माझ्याकडे त्यासाठी वेगळा माणूस नाही. पालकांची माहिती बाहेर द्यायची तर त्यांची परवानगी हवी. आणि आजवर असं झालं की माहिती मागायला कुणी आलं तर ते तपासणीच्या सुरात आलं. आमच्या अनेक सहकाऱ्यांच्या मनात हीच भीती आहे की लसीचं निमित्त करून बाकीच्या गोष्टी उकरतील.


उंबरठा :

लांब अर्ज नकोच सर. मला चार गोष्टी पुरतात : बाळाची जन्मतारीख, आईचं नाव, कुठला डोस, कुठल्या तारखेला. परवानगी पहिल्या भेटीतच कार्ड बनवताना एका सहीने घेता येईल. बदल्यात मी तुम्हाला उलट यादी देईन, तुमच्याकडे येऊन मग न परतलेल्या बाळांची. तुमच्याकडून फोन, आमच्याकडून घरभेट. जी बाळं खरंच तुमच्याकडे पूर्ण झाली त्यांच्या दारात मला पुन्हा जावं लागणार नाही. तेवढा वेळ मी घरी बसलेल्या बाळांसाठी वापरीन.


स्थितप्रज्ञ :

चार रकाने असतील तर मी पुढच्या महिन्यापासून सुरू करायला तयार आहे. आमच्या स्थानिक डॉक्टरांच्या बैठकीतही मांडतो. मात्र केंद्राकडून कुणा एकाच ओळखीच्या व्यक्तीने संपर्क ठेवावा, दर वेळी नवा माणूस नको.


दोन_पाखरं :

वाचून बरं वाटलं. एक व्यावहारिक शंका राहिली. आम्ही लवकरच दुसऱ्या शहरात जातोय. मोठ्याचा एक डोस लांबला होता असं मी वर लिहिलं, तो नंतर घेतला. नव्या ठिकाणचे डॉक्टर सगळं पहिल्यापासून सुरू करायला सांगतील का? आणि धाकटीच्या सरकारी कार्डावर त्यांनी विश्वास ठेवावा म्हणून काय करू?


रानजाई :

पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. दोन डोसांमधलं अंतर लांबलं तरी आधीचे डोस वाया जात नाहीत, राहिलेले तेवढे पुढे द्यायचे. उलट अंतर कमी पडलं तर अडचण होते : पंचगुणीसारख्या लसींच्या दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत, आणि ठरलेल्या किमान वयाआधी दिलेला गोवराचा डोस मोजणीत धरत नाहीत.

कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आजच काढून ठेवा आणि घरातल्या दुसऱ्या कुणालाही पाठवून ठेवा. प्रत्येक नोंदीत तारीख, लसीचं नाव आणि शिक्का किंवा सही आहे ना ते बघा. एखादी नोंद पुसट असेल तर निघण्याआधी त्या दवाखान्यातून नव्याने लिहून घ्या, तिथल्या वहीत ती असते. मोठ्याच्या खाजगी दवाखान्याकडूनही सगळ्या डोसांचं एक पान मागून घ्या. एखाद्या डोसची नोंद कुठेच सापडली नाही, तर डॉक्टर बहुधा तो पुन्हा द्यायला सांगतील. बहुतेक लसींचा एखादा जास्तीचा डोस झाला तरी अपाय होत नाही.

आणि नव्या गावात पोहोचल्यावर, लस कुठेही घेणार असलात तरी, जवळच्या सरकारी केंद्रात जाऊन दोन्ही मुलांची नावं एकदा त्यांच्या यादीत घालून या. आधीच्या भागातल्या सेविकेलाही निघण्यापूर्वी सांगा, म्हणजे ती बंद दारावर खेटे घालत राहणार नाही.